गंजलेला बोल्ट आणि धनुर्वाताचं इंजेक्शन

हाताला तेलकट फडकं गुंडाळलेला माणूस अपघात विभागात येतो. नखांत काळं ग्रीस असतं आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘‘डॉक्टर, बोल्ट गंजलेला होता. आधी धनुर्वाताचं इंजेक्शन द्या.’’ पनवेलला हे नवल नाही. पळस्प्याहून गोव्याचा रस्ता फुटतो, कळंबोलीहून पुण्याचा द्रुतगती मार्ग सुरू होतो, त्यामुळे गॅरेजं भरपूर. शिवाय रविवारी घरची जुनी जीप किंवा स्कूटर स्वतःच खोलून बसणारे हौशी लोकही कमी नाहीत.

या माणसाची भीती रास्त आहे, पण तिचा रोख चुकतो. गंजाने धनुर्वात होत नाही. आणि गंजलेल्या बोल्टमुळे होणाऱ्या ज्या इजांना खरोखर घाबरायला हवं, त्यांच्यासाठी लोक वेळेवर येत नाहीत.

आधी बोल्ट का अडकतो ते पाहू. लोखंड, हवेतला प्राणवायू आणि पाणी एकत्र आले की गंज तयार होतो. खाडीवरच्या वाऱ्यातलं मीठ आणि चार महिन्यांचा पाऊस या क्रियेला वेग देतात. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. नट-बोल्टच्या आट्यांमध्ये तेवढी जागा नसते, म्हणून तो तिथेच ठासून बसतो. मग आपण पान्याला पाइप लावून जोर देतो, छिन्नी-हातोडा काढतो किंवा गॅसने नट तापवतो. इजा होतात त्या या तीन वेळी.

पहिली इजा पाना सटकल्याची. मूठ चासीवर आदळते आणि बोटांच्या सांध्यांवरची कातडी फाटते. धनुर्वाताच्या जिवाणूचे बीजाणू माती, धूळ आणि जनावरांच्या शेणात असतात. गाडीच्या पोटाला रस्त्यावरचा चिखल लागलेला असतो, तो धोक्याचा. गंजाचा दोष एवढाच की त्याच्या खडबडीत पृष्ठभागावर घाण टिकते. हा जिवाणू प्राणवायू नसलेल्या खोल जखमेत वाढतो. त्याचं विष नसांवर परिणाम करतं. जबडा आवळतो, अंग ताठ होतं. जखमेनंतर बहुधा 3 ते 21 दिवसांत लक्षणं दिसतात. जपानी शास्त्रज्ञ कितासातो यांनी 1889 मध्ये हा जिवाणू वेगळा करून वाढवला. आज लसीमुळे हा आजार पूर्णपणे टाळता येण्यासारखा आहे.

म्हणून जखम झाल्यावर पहिलं काम इंजेक्शनचं नाही, धुण्याचं. वाहत्या पाण्याखाली साबणाने काही मिनिटं धुवा. पेट्रोल, ग्रीस, हळद काहीही लावू नका. जखम खोल असेल, सांध्यावर असेल किंवा बोट वाकत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा.

लसीचा हिशेबही सोपा आहे. लसीच्या मूळ तीन मात्रा झाल्या असतील, तर दर 10 वर्षांनी एक बूस्टर पुरतो. जखम खोल किंवा मातीने माखलेली असेल आणि शेवटची मात्रा घेऊन 5 वर्षं उलटली असतील, तर एक मात्रा घ्यावी. दर खरचटण्याला सुई नको. लस कधी घेतली हेच माहीत नसेल आणि जखम घाणेरडी असेल, तर लसीबरोबर तयार प्रतिपिंडांचं वेगळं इंजेक्शनही लागतं, कारण लसीचा परिणाम दिसायला दिवस जातात. पूर्वीच्या ‘टीटी’च्या जागी आता सरकारी लसीकरणात ‘टीडी’ मिळते. तिच्यात घटसर्पापासूनही संरक्षण आहे. मुलांना 10 आणि 16 व्या वर्षी, तसंच गरोदरपणी स्त्रियांना ती दिली जाते. राहून जातो तो पन्नाशीचा मेकॅनिक.

दुसरी इजा डोळ्याची, आणि माझ्या मते सर्वांत वाईट. छिन्नीवर हातोडा बसला की लोखंडाची बारीक कपची उडते. वेग इतका असतो की ती बुबुळ भेदून आत जाते आणि कित्येकदा फारसं दुखतही नाही. ‘कचरा गेला असेल’ म्हणून शेजारचा मित्र फडक्याच्या टोकाने डोळा पुसतो. रुग्ण तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंधूक दिसायला लागल्यावर येतो. आत राहिलेलं लोखंड हळूहळू डोळ्याच्या पडद्याला विषासारखं बाधतं. शिवाय जंतुसंसर्गाची भीती असतेच. हातोडा मारताना डोळ्याला काही लागलं, तर डोळा चोळू नका, दाबू नका, रुतलेलं काही काढू नका. कागदी कप उलटा ठेवून डोळा झाका आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. ‘हातोडा मारत होतो’ हे आवर्जून सांगा. हातोडा उचलण्यापूर्वी बाजूनेही झाकणारा सुरक्षा चष्मा घाला. नेहमीचा चष्मा पुरत नाही.

तिसरी गोष्ट धुराची. चकचकीत बोल्टवर बहुधा जस्ताचा मुलामा असतो. तो गॅसने तापवला की निघणारा धूर छातीत जातो आणि काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, तोंडाला धातूची चव येते. पावसाळ्यात हा ताप सहज मलेरिया समजला जातो. तो बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो, पण धाप लागली तर थांबू नका. तापवण्याचं काम उघड्यावरच व्हावं, इंधनाच्या टाकीजवळ मुळीच नाही. टायरमध्ये हवा असताना चाकाचा नट तापवू नये. टायर फुटून जीव जाऊ शकतो.

जुने मेकॅनिक घाई करत नाहीत. तारेच्या ब्रशने आटे साफ करतात, गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवतात. पातळ तेल फटीतून आपोआप आत झिरपतं. सकाळी बोल्ट थोडा सैल, थोडा घट्ट असा हलवत काढतात. जोर देण्यापूर्वी गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता स्टँडवर टेकवतात. नवा बोल्ट त्याच मापाचा आणि त्याच ताकदीचा घेतात. त्याच्या डोक्यावर 8.8 किंवा 10.9 असा आकडा असतो. आकडा मोठा तशी ताकद जास्त. ब्रेक किंवा स्टिअरिंगला कमी आकड्याचा बोल्ट लावणं म्हणजे पुढच्या अपघाताची तयारी.

गाडीच्या विम्याची आणि पीयूसीची तारीख आपल्याला तोंडपाठ असते. त्याच कागदांच्या पाकिटावर धनुर्वाताची शेवटची लस कधी घेतली तेही लिहून ठेवा. आठवत नसेल, तर पुढचा बोल्ट खोलण्यापूर्वी जवळच्या सरकारी दवाखान्यात एक चक्कर मारा.