शिकवणीचीही कसोटी

नवे औषध रोग्याला देण्यापूर्वी त्याची रीतसर परीक्षा झाली पाहिजे, हे आपण सारेच मान्य करतो. परंतु दाईला, आरोग्यसेविकेला किंवा आईला दिलेल्या शिक्षणाचीही तशीच परीक्षा घ्यावी, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. शिकवले म्हणजे भलेच होणार, अशी आपली समजूत! गडचिरोलीच्या खेड्यांत ही समजूत कसोटीला लावली गेली. ती हकीकत आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तेथे 'सर्च' ही संस्था स्थापन केली. त्या भागात न्यूमोनियाने पुष्कळ बालके दगावत. श्वासाचा वेग मोजला तर हा आजार ओळखता येतो. पण गावच्या कित्येक दाईंना बारापुढे मोजता येत नसे. म्हणून मणी आणि मिनिटभराचे वाळूचे घड्याळ यांचे एक साधन तयार करण्यात आले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी तांबडा मणी सरकला, तर न्यूमोनिया समजायचा. शिकणारणीला दोष न देता शिकवण्याची रीतच बदलली, हे त्यातले मर्म.

पुढचा प्रश्न नवजात अर्भकांचा. बहुतेक बाळंतपणे घरीच होत आणि आजारी तान्ह्याला घेऊन इस्पितळ गाठणे दुरापास्त असे. तेव्हा ३९ गावांतील बेताच्या शिकलेल्या स्त्रियांना बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, आईला अंगावर पाजण्यास साहाय्य करणे, गुदमरलेल्या बाळाचा श्वास चालू करणे, एवढेच नव्हे तर जंतुदोष ओळखून इंजेक्शन देणेही शिकवण्यात आले. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत नेहमीच्याच सेवा चालू राहिल्या. जन्म-मृत्यूच्या नोंदी मात्र दोन्हीकडे ठेवल्या गेल्या.

त्या गावांना वंचित का ठेवले, असे मन विचारतेच. परंतु अशा स्त्रीच्या हाती सुई सुरक्षित राहील की नाही, हे तेव्हा सिद्ध झाले नव्हते. आणि तुलनेवाचून गुण शिकवणीचा की बऱ्या वर्षाचा, हे कळणार कसे?

उत्तर आकड्यांनी दिले. शिकवणीच्या गावांत १९९३-९५ मध्ये हजार जन्मांमागे ६२ अर्भके पहिल्या महिन्यातच दगावत. १९९७-९८ मध्ये हे प्रमाण सुमारे २५ वर आले. तुलनेच्या गावांत ते ५८ होते, ते ६० च्या आसपासच राहिले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. २०११ पासून नवजातांसाठी घरभेटी देणे हे देशभरच्या 'आशा' सेविकांच्या कामात आले. आपल्या मध्यप्रदेशात, गुजरातेत, कर्नाटकातही.

आपली मंडळे हौसेने आरोग्यशिबिरे भरवतात, व्याख्याने ठेवतात. किती मंडळी आली, हे अहवालात छापून येते. सहा महिन्यांनी त्यांतल्या किती घरांत काय बदलले, हेही कोणी विचारावे, एवढीच आमची सूचना आहे.