मध्यरात्री जाग आली तर

रात्री दोनच्या सुमारास डोळे उघडतात. घर गाढ झोपलेले असते. आपली झोप मात्र उडून जाते. “मला काही रोग तर झाला नाही ना?” असे मनात येते. पुष्कळांना असे होते. म्हणून आज आपण झोपेची थोडी माहिती करून घेऊ.

विहिरीत पोहरा खाली जातो, वर येतो. तशीच झोपही खोल जाते आणि वर येते. अशा एका फेरीला सुमारे दीड तास लागतो. रात्रीत चार-पाच फेऱ्या होतात. फेरी संपताना झोप हलकी होते. तेव्हा जाग येऊ शकते. खोल झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त असते. पुढे ती पातळ होत जाते. वय वाढले की आणखी पातळ होते. तेव्हा अधूनमधून जाग येणे हा रोग नव्हे.

खरी अडचण पुढेच आहे. अंधारात हाताला काम नसते, मन मात्र धावत सुटते. सोसायटीचे कर्ज, मुलीचे लग्न, वाळलेले पीक, सारे एकदम समोर उभे राहते. मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणतात ते खोटे नाही.

मग करावे काय? घड्याळ पाहू नये. मोबाईल हातात घेऊ नये. श्वास सावकाश घ्यावा, सावकाश सोडावा. तरी झोप येईना, तर तळमळत पडू नये. उठून मंद उजेडात शांत बसावे. डोळे जड झाले की पुन्हा अंथरुणावर जावे. काळजीच्या गोष्टी दिवेलागणीलाच कागदावर लिहून ठेवाव्यात. आता आपल्याला लिहिता येते, त्याचा हाही एक उपयोग!

दुपारनंतर चहा टाळावा. त्याचा अंमल बराच वेळ राहतो. तंबाखूनेही झोप उडते. दारूने झोप लवकर लागते, पण मध्यरात्री मोडते. रात्र कशीही गेली तरी सकाळी रोजच्या वेळेलाच उठावे.

लघवीसाठी वारंवार उठावे लागते का? दम लागून जाग येते का? घोरताना श्वास अडकतो का? तर आरोग्य केंद्रात जाऊन डॉक्टरांना दाखवावे.

आणि रात्री जागेपणी जगणे नकोसे वाटू लागले, तर एकट्याने सोसू नये. घरच्या माणसाला खुशाल उठवावे. १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. सरकारची ही ‘टेली-मानस’ सेवा २०२२ साली सुरू झाली. ती फुकट आहे, रात्रंदिवस चालते. तेथे मराठीत बोलता येते. हा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.