सूर आणि स्थळ – ६ : खाडीकाठची माल्टची भट्टी

गेल्या आठवड्यात आपण ऑस्ट्रियातल्या ब्रेगेंझला होतो. १९४६ साली तिथे तळ्यात नांगरलेल्या दोन पडावांवर संगीत महोत्सव सुरू झाला. आजचं ठिकाण इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं, सफक परगण्यातलं स्नेप.

इथे डोंगर नाहीत, कडे नाहीत. सपाट जमीन, बोरूची दाट बनं, आणि ओहोटीला उघडी पडणारी चिखलाण, तीत लांब बाकदार चोच खुपसून किडे शोधणारे कर्ल्यू पक्षी. ऑल्ड नदीची वाटही विलक्षण आहे. ऑल्डबरा गावाशी ती समुद्राच्या इतकी जवळ येते, की मध्ये दगडगोट्यांचा एक अरुंद बांध तेवढा उरतो. आता समुद्राला मिळणार म्हणावं, तोच ती दक्षिणेला वळते आणि किनाऱ्याला समांतर कित्येक मैल वाहत राहते. लाटांनी शतकानुशतकं गोटे उत्तरेकडून दक्षिणेकडे ढकलत नेले, त्यांचा दांडा लांबत गेला आणि नदीचं मुख पुढे पुढे सरकलं.

भरतीचं पाणी आत स्नेपच्या पुलापर्यंत चढतं. या पाण्यावर शिडाचे पडाव चालायचे, म्हणून तर १८४१ मध्ये न्यूसन गॅरेट नावाच्या व्यापाऱ्याने इथला धंदा विकत घेतला. पुढे त्याने माल्टचे कारखाने उभारले. बार्ली भिजवायची, फरशीवर पसरून मोड आणायचे, दाणे एकसारखे फुटावेत म्हणून फावड्याने उलथत राहायचं आणि मग भट्टीत वाळवायचं. तयार माल पडावांतून लंडनच्या बिअर कारखान्यांकडे जाई. या गॅरेटच्या मुलीही लक्षात ठेवाव्यात अशा : एलिझाबेथ गॅरेट अँडरसन ही ब्रिटनमधली आद्य महिला डॉक्टर, आणि मिलिसंट फॉसेट ही स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीची नेता.

संगीतकार बेंजामिन ब्रिटन याच किनाऱ्यावरचा, १९१३ मध्ये लोस्टॉफ्टला जन्मलेला. १९३७ मध्ये त्याने स्नेपमधली जुनी पवनचक्की राहायला घेतली. दोन वर्षांनी अमेरिकेला गेला. तिथे १९४१ मध्ये ऑल्डबऱ्याचा कवी जॉर्ज क्रॅब याच्यावरचा ई. एम. फॉर्स्टरचा लेख त्याच्या वाचनात आला आणि आपलं गाव कुठलं, हे त्याला लख्ख कळलं. युद्ध चालू असतानाच, १९४२ मध्ये तो परतला. क्रॅबच्या काव्यातल्या कोळ्यावरून त्याने ‘पीटर ग्राइम्स’ हा ऑपेरा रचला. पुढे आपली मंडळी घेऊन युरोपभर दौरे करताना त्याचा जोडीदार, गायक पीटर पिअर्स याने सुचवलं, की महोत्सव आपल्याच गावात का भरवू नये? १९४८ च्या जूनमध्ये ऑल्डबऱ्याच्या छोट्याशा जुबिली हॉलमध्ये आणि चर्चमध्ये तो भरला.

वीसेक वर्षांत जागा अपुरी पडू लागली. तेवढ्यात १९६५ मध्ये स्नेपचे माल्टचे कारखाने बंद पडले, आणि ब्रिटनची नजर तिथल्या सर्वांत मोठ्या इमारतीवर गेली. अरुप असोसिएट्सच्या डेरेक सग्डेन यांनी तिचं सभागृह केलं. मला त्यांचा संयम फार मोलाचा वाटतो. त्यांनी आतल्या आडभिंती काढल्या, बाहेरच्या थोड्या उंच केल्या आणि वर लाकडी छप्पर चढवलं. लाल विटा उघड्याच ठेवल्या. गिलावा नाही, पडदे नाहीत, गाद्यांच्या खुर्च्या नाहीत. जाड गादी सूर पिऊन टाकते; इथल्या लाकूड-वेताच्या खुर्च्या तसं करत नाहीत. उंच उतरतं छप्पर आणि टणक विटांमुळे सूर सुटल्यावरही सुमारे दोन सेकंद हवेत राहतो, तरी शब्द गढूळ होत नाहीत. छपराच्या आढ्यावर लाकडी झडपांच्या चार चिमण्या आहेत. भट्टीतली दमट वाफ जाण्यासाठी पूर्वी असत तशाच. आता त्यांतून श्रोत्यांच्या श्वासांनी तापलेली हवा बाहेर पडते.

२ जून १९६७ रोजी राणी एलिझाबेथ यांनी सभागृहाचं उद्घाटन केलं. दोनच वर्षांनी, ७ जून १९६९ ला, महोत्सवाच्या पहिल्याच रात्री ते आगीत खाक झालं. उभ्या राहिल्या त्या फक्त भिंती. मोझार्टचा ‘इडोमेनिओ’ मंडळींनी ब्लायबराच्या जुन्या चर्चमध्ये नेला आणि महोत्सव चालू ठेवला. सभागृह होतं तसंच पुन्हा बांधायचं ठरलं, आणि पुढच्या जूनपर्यंत ते बांधूनही झालं. १९७३ मध्ये ब्रिटनचा शेवटचा ऑपेरा ‘डेथ इन व्हेनिस’ इथेच पहिल्यांदा झाला. तीन वर्षांनी तो गेला, तेव्हा ऑल्डबऱ्यात त्याच्यासाठी खणलेल्या कबरीला आतून स्नेपच्याच बोरूचं अस्तर लावलं होतं.

महोत्सव अजूनही जूनमध्येच भरतो. मध्यंतरात श्रोते बाहेर हिरवळीवर येतात, तिथे बार्बरा हेपवर्थची कांस्यशिल्पं उभी आहेत आणि त्यांच्या पलीकडे लगेच बोरू सुरू होतो. जाणाऱ्याने तिकिटाच्या वेळेआधी तासभर पोहोचावं आणि नदीकाठच्या बांधावरून थोडं चालून यावं. ब्रिटनच्या संगीतात एकेका सुराभोवती इतकी मोकळी जागा का असते, याचं अर्धं उत्तर तिथे मिळतं.

(पुढच्या भागात : फिनलंडमधल्या साव्होनलिन्नाचा तळ्यातला किल्ला आणि १९१२ मध्ये तिथे ऑपेरा महोत्सव सुरू करणारी गायिका आइनो आक्टे.)