उपकरणे धुणारे हात

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात सरफोजी राजे दुसरे यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी जपून ठेवल्या आहेत. त्यांत रुग्णांची हकिकत, केलेले उपचार आणि डोळ्यांची चित्रे आढळतात. 1798 ते 1832 या काळात गादीवर असलेल्या या मराठी राजाने ‘धन्वंतरी महाल’ उभारून वैद्यकाच्या अभ्यासाला आश्रय दिला. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला त्या नोंदींचे अप्रूप वाटते. प्रशासक म्हणून मात्र प्रश्न पडतो : एका डोळ्यावरून दुसऱ्या डोळ्याकडे जाण्यापूर्वी त्या शस्त्राचे काय होत असे? अर्थात, त्या काळाला जाब विचारणे अन्यायाचे ठरेल. लिस्टर यांची जंतुनाशक शस्त्रक्रिया 1867 मधील, तर शाम्बरलाँ यांचे ऑटोक्लेव्ह 1879 मधील.

आपल्याला ती सबब नाही. वापरलेले उपकरण प्रथम घासून धुवावे लागते, कारण वाळलेल्या रक्ताच्या थराखाली वाफ नीट पोहोचत नाही. त्यानंतर 121 अंश सेल्सिअसच्या दाबयुक्त वाफेत त्याला किमान 15 मिनिटे ठेवावे लागते. उष्णता न सोसणारी उपकरणे रसायनात बुडवली, तरी ठरलेला वेळ द्यावाच लागतो. हा वेळ कोणत्याही आदेशाने कमी होत नाही.

नोव्हेंबर 2014 मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यातील एका नसबंदी शिबिरात एकाच शल्यचिकित्सकाने काही तासांत 83 स्त्रियांवर शस्त्रक्रिया केल्या. त्या दिवसांतील शिबिरांनंतर किमान 13 स्त्रिया दगावल्या. मृत्यू दूषित औषधांमुळे झाले की जंतुसंसर्गामुळे, यावर वाद झाला. पण आकड्यांबाबत वाद नाही. एका पथकाने तीन लॅपरोस्कोप वापरून दिवसाला 30 हून अधिक शस्त्रक्रिया करू नयेत, म्हणजे एका उपकरणामागे दहाच, असा शासनाचाच निकष होता. अखेर 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचे निर्देश द्यावे लागले.

सेवेत असताना एका रुग्णालयाच्या तपासणीत मी निर्जंतुकीकरणाची नोंदवही मागवली. पुढील दोन दिवसांचे रकानेही त्याच शाईने भरलेले होते. संबंधित कर्मचाऱ्यावर ठपका ठेवून मी मोकळा झालो. नंतर कळले की, उपकरणे धुणे, ऑटोक्लेव्ह चालवणे आणि रुग्णांची ने-आण करणे ही तिन्ही कामे तो एकटाच करीत होता. त्या यंत्राच्या खरेदीला मंजुरी माझीच होती. ते चालवणाऱ्या पदाचा प्रस्ताव ‘त्रुटीपूर्तीसाठी’ परत पाठवणारी स्वाक्षरीही माझीच होती.

म्हणून यंत्रासोबत प्रशिक्षित कर्मचाऱ्याचे पदही मंजूर व्हावे. शस्त्रक्रियांचे उद्दिष्ट उपलब्ध उपकरणसंच आणि त्यांच्या निर्जंतुकीकरणाचा वेळ पाहून ठरावे. प्रत्येक संचाचा निर्जंतुकीकरण क्रमांक रुग्णाच्या केसपेपरवर नोंदवावा. सरफोजींच्या कागदांत रुग्णाचा डोळा जपला गेला आहे. आपल्या कागदांत त्या डोळ्याला लागलेल्या शस्त्राचाही हिशेब असायला हवा.