पैनगंगेचे पाणी आणि दोन राज्ये

पैनगंगा आपणांपैकी पुष्कळांनी पाहिली आहे. बुलढाणा जिल्ह्यात, अजिंठ्याच्या डोंगरात ती उगम पावते. पुसद तालुक्यात इसापूर येथे तिच्यावर मोठे धरण आहे. उमरखेडच्या पुढे सहस्रकुंडाचा धबधबा लागतो. पुढे ती आपल्या यवतमाळ जिल्ह्याची दक्षिणेकडची शीव होते आणि शेवटी वर्धा नदीला मिळते. वर्धेचे पाणी प्राणहितेत जाते, प्राणहितेचे गोदावरीत, आणि गोदावरी समुद्राला मिळते.

पण पैनगंगा ही नुसती जिल्ह्याची शीव नाही. केळापूर आणि झरी तालुक्यांच्या बाजूला ती राज्याची शीव आहे. अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे तेलंगणातला आदिलाबाद जिल्हा. पलीकडेही मराठी बोलणारी माणसे आहेत. इकडच्या लेकी तिकडे दिल्या आहेत, तिकडच्या इकडे आल्या आहेत. म्हैस पाण्यात उतरते तेव्हा ती कोणत्या सरकारचे पाणी पितो हे विचारीत नाही. माणसाला मात्र विचारावे लागते.

आम्ही शाळेत नकाशा शिकवीत असू, तेव्हा मुले नदीसाठी निळी रेघ काढीत आणि राज्याच्या हद्दीसाठी तुटक रेघ काढीत. पैनगंगेपाशी आले की हमखास एखादा पोरगा विचारी, "गुरुजी, इथं कोणती रेघ काढू?" दोन्ही रेघा एकाच जागी येत ना! हाच प्रश्न मोठमोठ्या इंजिनिअरांना आणि मंत्र्यांनाही पडला आहे.

असे पाहा. दोन वावरांमधला धुरा जागचा हलत नाही. तरीही धुऱ्यावरून भाऊ भावाशी भांडतो. नदीचा धुरा तर वाहता. वरच्याने पाणी अडवले तर खालच्याला मिळत नाही. आणि खालच्याने उंच भिंत घातली तर पाणी मागे फुगते व वरच्याची जमीन बुडते. म्हणजे वरचा खालच्याला त्रास देऊ शकतो, तसा खालचाही वरच्याला देऊ शकतो. ही दुसरी गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

आपल्याकडे पाऊस अगदीच कमी पडतो असे नाही. पण तो चार महिन्यांत पडून निघून जातो. बहुतेक शेती कोरडवाहू. कापूस आणि तूर आभाळाच्या भरवशावर. उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात. तेव्हा पावसाळ्याचे पाणी साठवायला हवे, आणि हद्दीवरच्या नदीत पाणी साठवायचे तर शेजाऱ्याला विचारल्याशिवाय चालत नाही.

बरे, हा शेजारीही बदलत आला आहे. इंग्रजी अमदानीत नदीच्या अलीकडे वऱ्हाड होते आणि पलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान. स्वराज्य आल्यावर आपला जिल्हा मध्य प्रदेशात होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. पलीकडचा आदिलाबाद जिल्हा १९५६ मध्ये आंध्र प्रदेशात गेला आणि २०१४ मध्ये तेलंगणात. नदी मात्र तीच. अशा वेळी तोंडी शब्दाचा काय उपयोग? शब्द देणारे सरकारच उद्या त्या जागी नसते. म्हणून वाटणी कागदावर लिहावी लागते.

राज्याराज्यांत पाण्याचा तंटा झाला तर तो सोडवण्यासाठी १९५६ मध्ये कायदा झाला. केंद्र सरकार त्यासाठी लवाद नेमते. लवाद म्हणजे पंच. इथे न्यायाधीश पंच असतात. गोदावरीसाठी १९६९ मध्ये असा लवाद नेमला. न्यायमूर्ती बचावत हे त्याचे अध्यक्ष होते. निकाल लागला १९८० मध्ये. म्हणजे अकरा वर्षे गेली. पण त्या अवधीत राज्ये आपसांत बसली, बोलली आणि त्यांनी करार केले. महाराष्ट्र व आंध्र प्रदेश यांचा करार ६ ऑक्टोबर १९७५ चा आहे. लवादाने हे करार निकालात घेतले. आमच्या मते कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या प्रत्येक गावकऱ्याला ही हकीकत सांगायला हवी.

त्या करारात एक कलम असे आहे की, पैठणच्या धरणाखाली आंध्रातल्या पोचमपाड धरणापर्यंत महाराष्ट्राने ६० टीएमसीपर्यंत नवे पाणी वापरावे. टीएमसी हा शब्द आपण रेडिओवर ऐकतो. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल अशी पेटी मनात आणा. तशा शंभर कोटी पेट्या. एवढे पाणी वावरात फूटभर उभे केले तर जवळजवळ २३ हजार एकर भरतील.

आता करार असला म्हणजे तंटा मिटला असे नाही. नांदेड जिल्ह्यात धर्माबाद तालुक्यात बाभळी गाव आहे. तिथे महाराष्ट्राने गोदावरीवर चौदा दरवाजांचा बंधारा बांधला. त्यात २.७४ टीएमसी पाणी मावते. अडचण अशी की पोचमपाडचे फुगवट्याचे पाणी बाभळीच्याही वरपर्यंत येते. आंध्र म्हणाले, "तुम्ही आमच्या तळ्यात भिंत घातली." महाराष्ट्र म्हणाला, "आमच्या हद्दीत, आमच्या ६० टीएमसीतले पाणी आम्ही अडवतो." २००६ मध्ये प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले. २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निकाल लागला.

बंधारा राहावा, असे कोर्टाने ठरवले. पण १ जुलैपासून २८ ऑक्टोबरपर्यंत सारे दरवाजे उघडे ठेवायचे. २.७४ पैकी ०.६ टीएमसी पाणी मुळात पोचमपाडच्या साठ्यातले, म्हणून तेवढे दरसाल १ मार्चला खाली सोडायचे. आणि हे नीट चालते की नाही हे पाहायला तीन माणसांची समिती: एक केंद्रीय जल आयोगाचा, एक इकडचा, एक तिकडचा. आपल्या पाटकऱ्यासारखेच की हे! कोणाची पाळी, कोणत्या दिवशी, किती पाणी, हे पाहणारा माणूस नेमला नाही तर पाटावर रोज डोकी फुटतील.

नांदेडचे शेतकरी मात्र या तारखांवर नाराज आहेत. भर पुराच्या दिवसांत दरवाजे वर असतात आणि दरवाजे खाली येतात तोवर पावसाळा सरलेला असतो. मग बंधारा भरायचा कशाने? त्यांचे म्हणणे आम्हाला खोटे वाटत नाही. हिस्सा किती हे ठरवताना तो कोणत्या महिन्यात मिळणार हेही पाहावे लागते. जून-जुलैत पेरणी झाल्यावर पाऊस दडी मारतो, तेव्हाचे एक पाणी आणि पुरातले दहा पाणी यांची किंमत सारखी नाही.

तेलंगण राज्य झाल्यावर दोन्ही सरकारे पुन्हा बसली. २३ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबईत तीन बंधाऱ्यांचे करार झाले: गोदावरीवर मेडीगड्डा, प्राणहितेवर तुम्मिडीहेट्टी, आणि आपल्या पैनगंगेवर चनाखा-कोरटा. चनाखा यवतमाळ जिल्ह्यात, कोरटा आदिलाबादेत. या करारांत वाद होता तो भिंतीच्या उंचीचा. तुम्मिडीहेट्टीला पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून १५२ मीटर धरावी असा तेलंगणाचा आग्रह होता. करारात १४८ मीटर ठरली. चार मीटर म्हणजे फार नाही असे वाटेल. पण सपाट मुलखात दोन पुरुष पाणी वर चढले की ते कोसभर पसरते आणि वावरेच्या वावरे खाली घेते. मेडीगड्ड्याचे खांब ऑक्टोबर २०२३ मध्ये खचले, तो भाग वेगळा.

पैनगंगेवर आणखी एक मोठे काम दोघांच्या भागीदारीत ठरले आहे. निम्न पैनगंगा धरण, म्हणजे खालच्या पैनगंगेचे धरण. १९७५ च्या करारातच त्याचे नाव आहे. पाण्याचे शंभर भाग केले तर ८८ महाराष्ट्राचे आणि १२ तेलंगणाचे. महाराष्ट्राने १९९७ मध्ये त्याला मंजुरी दिली, तरी धरण पुरे झालेले नाही. दोन राज्ये एक झाली, पण ज्यांची गावे पाण्याखाली जाणार ती माणसे कुठे एक झाली होती? यवतमाळ आणि नांदेड या दोन्ही जिल्ह्यांतल्या गावांनी धरणाला विरोध केला आहे. खाली ज्यांना पाणी मिळणार ते धरण मागतात. दोघेही शेतकरीच. ८८ आणि १२ च्या हिशेबात बुडणाऱ्या घराचा आकडा नाही, तो वेगळा मांडावा लागतो.

तो मांडण्याची जागा कायद्यात आहे. केळापूर, घाटंजी, झरी यांसारख्या तालुक्यांतली पुष्कळ गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे पेसा कायद्याप्रमाणे जमीन घेण्याआधी ग्रामसभेचा विचार घ्यावा लागतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे जमीन घेण्याची पहिली सूचना गावच्या भाषेत ग्रामपंचायतीत लावतात. तीत गट नंबर आणि क्षेत्र असते. आपला गट नंबर सातबाऱ्याशी ताडून पाहावा. विहीर, झाडे, गोठा यांची नोंद झाली की नाही हेही विचारावे. हरकत असेल तर सूचना निघाल्यापासून ६० दिवसांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी द्यावी लागते. अर्जाची एक प्रत शिक्का मारून परत घ्यावी.