इख्तियार, सत्ता आणि शक्ति

गेल्या दिवाळींत लातूरच्या एका आप्तांकडे जाण्याचा आम्हांस योग आला. कुटुंब एकत्र, भाऊ चार, पण चूल एकच. फराळानंतर वडील मंडळींनीं देवघरांतील जुनी पेटी उघडून एक पिवळा पडलेला कागद आमच्यापुढें ठेवला. निजामी अमदानींतील उर्दू मुखत्यारनामा तो. वडिलांनीं आपल्या नांवें करून दिलेल्या शेताचा कारभार घरच्या विधवा आत्याबाईंनीं त्याअन्वयें धाकट्या भावाकडे सोंपविला होता.

नांदेडच्या एका उर्दू जाणणाऱ्या गृहस्थांनीं त्याचें मराठी भाषांतर करून दिलें होतें. मूळांतील ‘कुल इख्तियार’ या शब्दांसाठीं त्यांनीं ‘संपूर्ण सत्ता’ असे शब्द योजिले. सत्ता दिली म्हणजे शेतच दिलें, असें घरांतील तरुणांनीं गृहीत धरलें. आत्याबाईंची कन्या आतां ऐंशीच्या घरांत. तिला तें कसें पटावें? दोन वर्षें येणेंजाणें बंद होतें.

भाषांतरकारास आम्ही फार दोष देत नाहीं. सामर्थ्याचे शब्द मोठे फसवे असतात. ‘इख्तियार’ हा शब्द मूळ अरबी. त्याचा धात्वर्थ निवड. ‘मुखत्यार’ त्याच धातूपासून झाला. म्हणजे ज्यास निवडून आपल्या वतीनें वागण्याची मुभा दिली, तो मुखत्यार. आतां ‘सत्ता’ पहा. हा संस्कृत शब्द. मूळ अर्थ केवळ ‘असणें’. पुढें मराठींत तो हुकमतीचा व मालकीचाही वाचक झाला. ‘ही वस्तु माझ्या सत्तेची’ असें जुनी माणसें म्हणत, तेव्हां तींत मालकीच अभिप्रेत असे. तेव्हां एका शब्दाच्या जागीं दुसरा बसविला आणि निवडीची मालकी झाली!

ही अडचण एकट्या मराठवाड्याची नव्हे. इटालियन भाषेंत ‘पोतेरे’ म्हणजे सत्ता, ‘पोतेंत्सा’ म्हणजे सामर्थ्य, आणि ‘फोर्त्सा’ म्हणजे जोर किंवा बल. इंग्रजींत पहिल्या दोहोंस बहुधा एकच ‘पॉवर’ पुरतो. म्हणून ‘पॉवर’ पुन्हा इटालियनमध्यें नेतांना भाषांतरकारास थांबून विचारावें लागतें: हें बळ अंगचें, कीं गादीचें? मौज अशी कीं, ‘पोतेरे’ हें नाम आहे तसेंच ‘शकणें’ या अर्थाचें क्रियापदही आहे. आणि आपली ‘शक्ति’ व आपलें ‘शकणें’ हींही एकाच धातूचीं!

आपल्या प्रांतीं तर या शब्दांवर राज्येंच बदलून गेलीं. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकानंतर, म्हणजे १६७४ नंतर, ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध झाला व फारसी शब्दांस संस्कृत पर्याय मिळाले. पेशव्याचा प्रधान आणि मुजुमदाराचा अमात्य झाला. इकडे हैदराबाद संस्थानांत कचेऱ्यांची भाषा आधीं फारसी, मग उर्दू. १९१८ सालीं तेथें उर्दू माध्यमाचें उस्मानिया विद्यापीठही निघालें. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी राजवट संपली, परंतु तिचे शब्द आमच्या पेट्यांतून आणि बोलण्यांतून राहिले. ‘अंमल’ हा त्यांपैकींच. तो राज्याचा असतो तसा नशेचाही असतो. आणि दोहोंतील अंतर पुष्कळदां थोडेंच!

असो. आम्ही तो मुखत्यारनामा वडील मंडळींसह पुन्हा एकवार ओळीनें वाचविला. सारा भरावा, पीक विकावें, कचेरींत उभें रहावें, आणि हें सर्व आत्याबाईंच्या वतीनें, एवढाच इख्तियार त्यांत होता. शेत दिल्याचा शब्द कोठेंच नव्हता. केवळ मुखत्यारपत्रानें स्थावर मिळकतीची मालकी जात नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानेंही २०११ सालीं स्पष्ट केलें आहे. आम्ही ‘सत्ता’ खोडून ‘माझ्या वतीनें वागण्याचा अधिकार’ असें सुचविलें. थोरल्या बंधूंनीं तें मोठ्यानें वाचलें आणि बराच वेळ कोणी बोललें नाहीं.

शेताचा निकाल यथाकाल कायदा लावील. पण भाऊबिजेस आत्येबहिणीकडे बोलावणें गेलें, आणि ती आली. आमची वाचकांस एवढीच विनंती कीं, आपल्या घरींही असे कागद असतील; त्यांचें भाषांतर जाणत्याकडून तर करून घ्यावेंच, परंतु सामर्थ्याचा शब्द आला कीं तें कोणाचें, कोणीं दिलें आणि कशापुरतें, हें विचारल्यावांचून पुढें जाऊं नये.