थंडीची रात्र आणि परसबाग : पाणी कधी द्यायचं, पांघरूण कसं घालायचं



तुळशीचं लग्न लागलं, आता खरी थंडी सुरू होईल. द्राक्षबागेची काळजी घ्या असं आपल्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. पारा उतरला की लोक पहाटे उठून ठिबक सोडतात, बागेत शेकोट्या पेटवतात. पण घरामागची पपई, कढीपत्ता, मिरचीची चार झाडं याकडं कुणी बघत नाही. दीड वर्ष वाढवलेली, फळाला आलेली पपई एका रात्रीत करपते आणि मग आपण म्हणतो, रोग आला. रोग नसतो तो.

परसबाग बहुतेक घरी आई, वहिनी, मावशीच बघतात आणि ग्रुपवरचा फोन असतो दुसऱ्याच्याच खिशात. म्हणून हा मेसेज घरात वाचून दाखवा.

*थंडी लागते कशी*

दिवसभर उन्हानं जमीन तापते. रात्री ती ऊब वर निघून जाते. ढग असले तर ती अडून राहते, म्हणून ढगाळ रात्री थंडी कमी वाटते. आभाळ निरभ्र आणि वारा पूर्ण पडलेला असेल ती रात्र धोक्याची. सगळ्यात जास्त गारठा पडतो पहाटे, सूर्य उगवायच्या थोडा आधी.

कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा ५ अंशांच्या खाली गेला, अशी बातमी आपण बऱ्याच हिवाळ्यांत वाचतो. पण तो आकडा साधारण छातीएवढ्या उंचीवर, पेटीत ठेवलेल्या तापमापीचा असतो. उघड्यावरच्या मेथीच्या पानावर त्याहून दोन-तीन अंश कमी असू शकतं. गार हवा जड असते, पाण्यासारखी उताराकडं वाहते आणि खोलगट जागेत साचते. त्यामुळं एकाच घरी ओट्याजवळची मिरची चांगली राहते आणि खालच्या वाफ्यातली करपते.

*पाणी*

ओली जमीन दिवसा जास्त ऊब साठवते आणि रात्री ती हळूहळू सोडते. कोरडी, भेगाळलेली जमीन लवकर गार होते. म्हणून थंडी वाढणार असं दिसलं की दुपारी ३ ते ५ च्या दरम्यान हलकं पाणी द्या, म्हणजे मावळतीच्या आत जमीन थोडी ऊब धरेल. पाणी बुडाशी द्या. पानं भिजवून रात्रभर ओली ठेवू नका, बुरशीला तेच हवं असतं.

सकाळी उठल्या उठल्या छतावरच्या टाकीचं पाणी झाडांना घालायची बऱ्याच घरी सवय आहे. ते पाणी रात्रभर बर्फासारखं झालेलं असतं. विहिरीचं किंवा बोअरचं ताजं पाणी त्यामानानं कोमट असतं. लाइटचं वेळापत्रक आपल्या हातात नाही, पण जमेल तेव्हा तेच वापरा. आणि रोज पाणी नको. हिवाळ्यात जमीन लवकर सुकत नाही, काळ्या जमिनीत तर नाहीच. खुरपीनं दोन बोटं उकरून बघा, ओल असेल तर राहू द्या. भेगा पडल्या असतील तर खुरपून बुजवा, भेगांतून गार हवा थेट मुळांपर्यंत जाते.

*पालापाचोळा*

आच्छादन करा हे आम्हीच कायम सांगतो. त्यात एक गोष्ट लक्षात ठेवा. पाचोळा जमिनीची ऊब जमिनीतच अडवतो. मुळांना ते चांगलं, पण वरच्या पानांना ती ऊब मिळत नाही. म्हणून पपई, लिंबू, कढीपत्ता यांच्या बुडाशी पाचोळ्याचा थर द्या, फक्त खोडाला टेकवू नका. मिरची-टोमॅटोची कोवळी रोपं असतील तिथं मात्र थंडीच्या लाटेत पाचोळा बाजूला सारून जमीन ओली, उघडी ठेवलेली बरी.

*पांघरूण*

यात सगळ्यात जास्त गडबड होते. लोक झाडाच्या शेंड्याला पोतं गुंडाळून खाली सुतळीनं बांधतात, डोक्याला फडकं बांधल्यासारखं. त्याचा उपयोग फार थोडा. झाडाला स्वतःची ऊब नसते, ऊब येते जमिनीतून. त्यामुळं पांघरूण जमिनीपर्यंत आलं पाहिजे. तीन-चार काठ्या रोवा, त्यावर जुनी साडी किंवा गोणपाट तंबूसारखं टाका आणि कडेनं दगड ठेवा. सूर्य मावळायच्या सुमारास टाका, सकाळी ऊन आलं की काढा. प्लास्टिकचा कागद असेल तर पानांना टेकू देऊ नका आणि सकाळी काढायला विसरू नका, नाहीतर आत झाड उकडतं.

मोठ्या पपईवर तंबू होत नाही. तिथं खोडाभोवती वरपासून खालपर्यंत पाचटाचा किंवा कडब्याचा पेंढा सैल बांधा आणि घडांवर गोणपाट लटकवा.

तुळस, मोगरा, जास्वंद यांच्या कुंड्या उचलून दक्षिणेकडच्या किंवा पश्चिमेकडच्या भिंतीला लावा. दिवसभर तापलेली भिंत रात्री बराच वेळ ऊब देते. याला खर्च शून्य.

परसात धूर करायचा का, असं बरेच जण विचारतात. माझं मत, नको. एवढ्याशा जागेत धुरानं फारशी ऊब टिकत नाही, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि लेकरांना खोकला होतो, आणि शेजारी कडब्याची गंजी असते.

*घाबरू नका आणि पैसे घालवू नका*

रात्रीचं तापमान १२-१३ अंशांच्या खाली राहिलं की टोमॅटोचं फळ नीट धरत नाही, फुलं गळतात. मिरचीचंही तसंच. त्यासाठी दुकानातून टॉनिक आणू नका, थंडी उतरली की फळ धरेल. कढीपत्ता पिवळा पडून पानं गाळतो, तो मेलेला नसतो. त्याला जास्त पाणी घालून मात्र आपण मारतो. वाढ थांबली म्हणून युरिया टाकायचाच नाही. युरियानं कोवळी फूट येते आणि थंडी आधी तिलाच पकडते. कुजलेलं शेणखत चालेल. चुलीची राख झाडाला मूठभर, एवढीच. आपल्या बऱ्याच जमिनी चुनखडीच्या आहेत, त्यात राखेचा ढीग नको.

वालावर मावा दिसला तर ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर १ लिटर पाण्यात भिजवा, सकाळी गाळून घ्या, चिमूटभर साबणचुरा टाका आणि ऊन कलल्यावर फवारा.

मेथी, पालक, कोथिंबीर आताच टाका, कडाक्याच्या थंडीत बी उगवायला फार दिवस घेतं. धने रगडून दोन भाग करा आणि रात्रभर भिजवून मग पेरा. सगळा वाफा एकदम पेरू नका, आठ-दहा दिवसांनी थोडं थोडं टाका. लसणाच्या कुड्या राहिल्या असतील तर याच आठवड्यात लावा.

*एवढं करूनही करपलंच तर*

लगेच कोयता चालवू नका. करपलेली पानं पुढच्या थंड रात्री आतल्या शेंड्याला आडोसा देतात, आणि झाड कुठपर्यंत जिवंत आहे ते लगेच कळतही नाही. नखानं साल खरवडून बघा. आत हिरवं असेल तर झाड आहे. नवीन फूट दिसेपर्यंत, म्हणजे साधारण महाशिवरात्रीपर्यंत थांबा आणि मग फुटीच्या वर छाटा. पपईचा शेंडा सडून मऊ पडला असेल तर तेवढा कापून टाका.

ग्रुपवर फोटो टाकाल तेव्हा पूर्ण झाडाचा एक, पानाचा जवळून एक आणि बुडाचा एक टाका. शेवटचं पाणी कधी दिलं तेही लिहा, नाहीतर मला परत फोन करून तेच विचारावं लागतं.